सीएचआयच्या 'आरआर'मधून पार पडताना: माझा अनुभव

मानव-संगणक संवाद या विषयात सीएचआय ही सगळ्यांत मोठी परिषद. आमच्याकडे जर्नलपेक्षा तिथल्या पेपरला वजन जास्त. (नेमणूक समित्यांना हे पटवताना पुढे नाकी नऊ येतात, तो भाग वेगळा.) 2025 ची परिषद योकोहामाला होती, पेपर 2024 च्या सप्टेंबरात द्यायचा होता. मुदत 'पृथ्वीवर कुठेही' या वेळेनुसार असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आत. तो दिवस रिकामा ठेवा.

माझा विषय होता साताऱ्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या बायका फोनवर मराठी कशा टाइप करतात. नोव्हेंबरात निकाल आला: आरआर, म्हणजे रिव्हाइज अँड रीसबमिट, सुधारून पुन्हा पाठवा. हातात जेमतेम महिना. मी रिव्ह्यू उघडत होते आणि बंद करत होते. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आधी वन-एसीचा मेटा-रिव्ह्यू वाच. बाकीच्यांशी नंतर भांड." वन-एसी म्हणजे पहिला असोसिएट चेअर. पेपरची मुख्य जबाबदारी त्याच्यावर असते, सगळ्यांची मतं एकत्र करून नेमकं काय बदलायलाच हवं, हे तिथे लिहिलेलं असतं. दहा मुद्द्यांतले खरे अडणारे दोनच निघाले.

पहिला मुद्दा वेगाचा, आणि तो रास्त होता. टायपिंगचा वेग मोजताना इंग्रजीत स्पेस धरून पाच कॅरेक्टरांचा एक शब्द मानतात. आपल्याकडे 'स्त्री' हे एकच अक्षर, पण युनिकोडमध्ये ती सहा कॅरेक्टर: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. त्यात आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेल्या स्वरचक्रासारख्या कीबोर्डवर व्यंजनावर बोट ठेवून मात्रेकडे ओढलं की दोन कॅरेक्टर एकदम उमटतात. मग मिनिटाला किती 'शब्द' म्हणायचे? नशिबाने प्रत्येक स्पर्शाची वेळ लॉगमध्ये होती. अक्षरांचा आणि कॅरेक्टरांचा असे दोन्ही हिशेब नव्याने केले, तक्ते शेजारीशेजारी ठेवले. पेपरचा हा भाग आता मला सगळ्यांत आवडतो.

दुसरा मुद्दा: "फक्त मराठी? इतरांना याचा काय उपयोग?" इथे डोकं फिरलं. इंग्रजीवर प्रयोग करणाऱ्याला 'हे तमिळला लागू पडेल का' असं कुणी विचारत नाही! उत्तरात हे वाक्य ठणकावून लिहिलं होतं, सरांनी खोडलं. त्याऐवजी हिंदी, बांगला, कन्नड या भाषांच्या लिप्यांतही मात्रा आणि जोडाक्षरं असल्यामुळे काय लागू पडू शकतं आणि काय नाही, यावर एक परिच्छेद घातला, शीर्षकातही 'मराठी' आणलं. ते खोडलेलं वाक्य मला अजूनही बरोबरच वाटतं.

आणखी सहभागी घ्या, या मागणीला सरळ नकार दिला. नीतिसमितीची परवानगी, संमतीपत्रं, गावातल्या बायकांच्या सवडी हे सगळं महिन्यात बसत नाही. कारण लिहिलं, दाव्यांची भाषा तेवढी सौम्य केली. वन-एसीनेही ती अट घातलेली नव्हती.

उत्तराच्या पत्रात आभारांचा पाल्हाळ नको. मुद्दा, केलेला बदल, पान क्रमांक. पेपरमध्ये बदललेला मजकूर वेगळ्या रंगात. रिव्ह्यूअरला शोधाशोध करायला लावू नका.

जानेवारीत पेपर स्वीकारला गेला. त्या वर्षी पाच हजारांच्या आसपास पेपर आले होते, त्यातले साधारण चौथा हिस्सा घेतले. मग खर्चाची धावपळ. नोंदणी शुल्क, विमान, जपानचा व्हिसा. सीएचआय भरवणाऱ्या सिगकाय या संघटनेची गॅरी मार्सडन प्रवास शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांनाही मिळू शकते. तिचा अर्ज आणि संस्थेच्या निधीचा अर्ज, दोन्ही स्वीकृतीचा ईमेल आल्याच्या आठवड्यातच करून टाका.