‘कुत्रा चालेल’ म्हणजे कुठपर्यंत चालेल? लेक डिस्ट्रिक्टमध्ये हॉटेल निवडण्याचा माझा अनुभव

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्वतःला ‘डॉग फ्रेंडली’ म्हणवून घेणाऱ्या हॉटेलांची कमतरता नाही. केझिक, अँबलसाइड, ग्रासमिअर, कुठेही जा, दाराशी कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं दिसतं. पण या दोन शब्दांखाली तीन अगदी निराळी हॉटेलं नांदतात. एकात कुत्रा खोलीत चालतो, खोलीबाहेर फक्त ये-जा करण्यापुरता. दुसऱ्यात बारमध्ये चालतो, जेवणाच्या दालनात नाही. तिसऱ्यात एखादा कोपरा सोडला तर सगळीकडे. तिघांच्या वेबसाइटवरचा फोटो मात्र एकच: पांढऱ्याशुभ्र पलंगावर कोरडा, विंचरलेला स्पॅनिअल. म्हणून मी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारते. संध्याकाळी साडेसात वाजता माझा कुत्रा कुठे असेल?

दिवसभर आपण डोंगरातच असतो, तेव्हा हॉटेलची परीक्षा होते ती संध्याकाळी आणि सकाळच्या नाश्त्याला. बहुतेक ठिकाणी कुत्र्याला खोलीत एकटं सोडता येत नाही आणि जेवणाच्या दालनात नेता येत नाही. हे दोन्ही नियम एकत्र आले की नवरा-बायकोंनी आळीपाळीने जेवायचं, एवढाच मार्ग उरतो. यात कायद्याचा अडसर नाही. इथल्या अन्नसुरक्षेच्या नियमांना कुत्रा स्वयंपाकघरात, अन्न तयार होतं तिथे नको असतो. बसायच्या जागेचं मालकाने ठरवायचं. त्यामुळे ‘कायद्याने बंदी आहे’ असं उत्तर आलं, की ते हॉटेलचं धोरण आहे असं समजायचं आणि वाद न घालता पुढच्या हॉटेलला फोन लावायचा.

तरी हॉटेल हे माझं दुसरं पाऊल. पहिलं नकाशाचं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे एक्सप्लोरर मालिकेतले ओएल ४ ते ओएल ७ हे चार नकाशे या भागाचे. केझिक आणि बटरमिअर ओएल ४ वर सापडतं, विंडरमिअर आणि अँबलसाइड ओएल ७ वर. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर प्रत्यक्षात १ किलोमीटर. हॉटेलभोवती २ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात हिरव्या तुटक रेषेची पायवाट येते का ते बघायचं. नसेल आली, तर मी ते हॉटेल सोडून देते, जेवण कितीही नावाजलेलं असो. कारण इथल्या बऱ्याच अरुंद रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असतात, पदपथ नसतो आणि गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते. दाराबाहेर पाऊल टाकलं की पायवाट, हे नसेल तर सकाळी साडेसहाला आणि रात्री साडेदहाला कुत्र्याला बाहेर काढणं दर वेळी जिवावरचं काम होतं.

त्याच नकाशावर फिकट पिवळ्या रंगाचे पट्टे दिसतात. ती सर्वांना मोकळी असलेली माळजमीन. सन २००० च्या कायद्याप्रमाणे १ मार्च ते ३१ जुलै या काळात तिथे कुत्र्याला २ मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावर ठेवावं लागतं, आणि गुरंमेंढरं जवळ असतील तर वर्षभर. फिरकीवर गुंडाळला जाणारा ५ मीटरचा पट्टा म्हणूनच इथे निरुपयोगी आहे. साधा कापडी पट्टा घ्या. इथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या कुंपणाशिवाय डोंगरभर चरत असतात. आपला कुत्रा ‘काही करत नाही’ हे मेंढीला ठाऊक नसतं. ती पळते, आणि गाभण असेल तर त्या पळण्यानेच गर्भपात होऊ शकतो. मेंढ्यांना छळणाऱ्या कुत्र्याला काही परिस्थितीत गोळी घालायची मुभाही इथल्या कायद्यात शेतकऱ्याला आहे. ज्यांच्या कुत्र्याला मोकळं धावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी सरळ सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. तेव्हाही मेंढ्या असतातच, पण पिल्लांचा हंगाम संपलेला असतो.

नकाशा एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे स्टाइल. कुंपण किंवा भिंत ओलांडायच्या पायऱ्यांना इथे स्टाइल म्हणतात. फाटक असेल तर प्रश्नच नाही. दगडी भिंतीतून बाहेर आलेल्या लाद्यांवरून चढायचं असेल, तर चपळ कुत्रा चढतो. शिडीसारखी लाकडी स्टाइल मात्र वाईट: दोन फळ्यांमधल्या फटीत पाय अडकतो आणि घाबरलेला कुत्रा झटका देऊन ओढतो. आमचा लॅब्रॅडोर ३० किलोचा आहे. त्याला उचलायचं तर एक हात पुढच्या पायांच्या पुढून छातीला, दुसरा मांड्यांच्या मागून, आणि पलीकडे झेलायला दुसरं माणूस. पट्टा आधी काढायचा, नाहीतर तो खांबाला अडकून मान आवळते. पलीकडच्याच्या हातात गळपट्टा आला की मगच आपली पकड सोडायची. दिवसात दोन वेळा हे जमतं, आठ वेळा नाही. म्हणून मी हॉटेलवाल्यांना वाट सांगते आणि विचारते, ‘या वाटेवर स्टाइल किती?’ स्वतः कुत्रा पाळणारा मालक असेल तर आकडा तोंडपाठ असतो. ‘बघावं लागेल’ असं उत्तर आलं तरी त्यातून बरंच कळतं.

आता बुकिंग. बुकिंगच्या साइटवर ‘पाळीव प्राणी चालतात’ ही खूण केली की यादी मिळते, पण ती खूण हॉटेलसाठी असते, खोलीसाठी नाही. वीस खोल्यांच्या हॉटेलात कुत्र्याच्या खोल्या तीनच असू शकतात, आणि साइट तुम्हाला चौथी देऊन मोकळी होते. दारात सामान आणि कुत्रा घेऊन उभं राहिल्यावर हा घोळ निस्तरत नाही. म्हणून यादी साइटवरून घ्यायची, बुकिंग थेट हॉटेलशी फोनवर करायचं आणि बोलणं झालेलं सगळं ईमेलवर लिहून घ्यायचं. शाळांच्या सुट्ट्यांत आणि ईस्टरला कुत्र्याच्या खोल्या आधी संपतात, कारण मुळात त्या थोड्या.

त्या ईमेलमध्ये मी कुत्र्याची जात, वय आणि वजन लिहिते. ‘मध्यम आकाराचा’ म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळा कुत्रा. मग खोली कितव्या मजल्यावर हे विचारते. जुन्या सराईंचे जिने अरुंद, उभे आणि वळणदार असतात. १५ किलोमीटर चाललेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ते उतरवत नाहीत आणि ३० किलो कडेवर घेऊन उतरणं आपल्यालाही जमत नाही. तळमजला आणि थेट बाहेर उघडणारं दार मिळत असेल तर डोंगराचं दृश्य सोडलं तरी चालतं. दृश्य दिवसभर बघतोच की. शुल्क रात्रीमागे की मुक्कामामागे, एका कुत्र्याचं की सगळ्यांचं, हेही लिहून घ्यावं. साधारण १० ते २५ पाउंड एका रात्रीचे धरून चालावं; चार रात्री आणि दोन कुत्रे म्हटलं की हा आकडा एका जास्तीच्या मुक्कामाएवढा होऊ शकतो.

जेवणाच्या बाबतीत ‘बारमध्ये कुत्रा चालतो’ एवढ्यावर थांबू नका. बारमधलं टेबल आधी राखून ठेवता येतं का, हा खरा प्रश्न. अनेक ठिकाणी दालनातली टेबलं राखता येतात, बारमधली ‘येईल त्याला’ असतात, आणि शनिवारी सात वाजता तिथे पाय ठेवायला जागा नसते. बारमध्ये दालनातलेच पदार्थ मिळतात की छोटी यादी, हेही विचारावं. शाकाहारी मंडळींना ही छोटी यादी फार छोटी पडते. मी खोलीबरोबरच सगळ्या संध्याकाळचं टेबल सांगून ठेवते: सहा-सव्वासहाची वेळ, कोपऱ्यातलं, वाढप्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर. कुत्रा टेबलाखाली आडवा पडला की शेपूट बाहेर राहते आणि हातात चार बश्या घेतलेल्या माणसाला ती दिसत नाही.

नाश्त्याचं विचारायला हमखास विसरायला होतं. संध्याकाळी बार असतो, सकाळी तो बंद असतो. बारच्याच टेबलावर नाश्ता देतात का, की खोलीत आणून देतात? दोन्ही नाही म्हणाले आणि खोलीत एकटा सोडायलाही मनाई असली, तर गाडी उरते. गार सकाळी अर्धा तास चालून जातं. उन्हात मुळीच नाही, खिडकी फट ठेवली तरी गाडी आतून तापते. ‘थोडा वेळ पिंजऱ्यात चालेल’ असं हॉटेल म्हणालं तर कुत्र्याला निदान महिनाभर आधीपासून घरी पिंजऱ्याची सवय लावा. अनोळखी खोलीत पहिल्यांदाच कोंडलेला कुत्रा भुंकतो, दार ओरबाडतो, आणि दाराचं बिल आपल्या नावावर लागतं. त्यावरून आठवलं: खोलीत शिरल्या शिरल्या गालिचा, दाराची खालची बाजू आणि सोफा यांचे फोटो काढून ठेवावेत. आधीच्या पाहुण्याच्या डागावरून निघताना हुज्जत नको.

पाऊस गृहीत धरा. बॉरोडेलमधलं सीथवेट ही इंग्लंडमधली सगळ्यात जास्त पावसाची वस्ती मानली जाते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक. म्हणून बाहेर नळ आणि नळी आहे का, ओले कपडे वाळवायच्या खोलीत कुत्रा नेता येतो का, हे दोन प्रश्न मला पलंगाच्या मापापेक्षा महत्त्वाचे वाटतात. नळीने धुताना खालून वर जायचं: आधी पंजे, मग पोट, मग मांड्यांच्या आतली बाजू. पाठ बहुतेक स्वच्छच असते, तिच्यावर पाणी ओतून कुत्रा आणखी ओला कशाला करा. एक टॉवेल पाणी टिपायला, दुसरा कोरडं करायला, दोन्ही घरचे. वर टॉवेलच्या कापडाचा अंगरखा घालून अर्धा तास बसवलं की दमट वास बराच कमी होतो. घरची जुनी चादर पलंगावर किंवा सोफ्यावर टाकावी, ‘आमचा वर चढत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच.

पुसतानाच गोचीड बघून घ्यायची. कानाच्या आत-मागे, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात. सापडली तर गोचीड काढायच्या हुकासारख्या हत्याराने त्वचेलगत पकडून गोल फिरवत काढायची. चिमट्याने पोट दाबायचं नाही, तेल-मेण लावायचं नाही, कारण त्या दडपणाने गोचीड आतलं सगळं रक्तात सोडते. इथल्या गोचिडींमधून माणसांनाही लाइम रोग होतो, तेव्हा स्वतःचे पाय, गुडघ्यामागची बाजू आणि कंबरही त्याच बैठकीत तपासा.

वाटा हॉटेलच्या अंगाने निवडल्या की क्रम आपोआप लागतो. पहिल्या दिवशी बटरमिअर तळ्याची प्रदक्षिणा, साधारण ७ किलोमीटर, जवळजवळ सपाट. प्रवासाने कंटाळलेल्या कुत्र्याला पुरेशी. मग डरवेंटवॉटर तळ्याची, साधारण १६ किलोमीटर. तिची मोठी सोय अशी की लाँच, म्हणजे प्रवासी बोट, तळ्याभोवतीच्या धक्क्यांवर थांबते आणि तिच्यात कुत्र्यांना घेतात, त्यामुळे अर्ध्यात दम लागला तर केझिकला पाण्यावरून परत जाता येतं. शेवटची फेरी किती वाजता, ते धक्क्यावर आधी बघून ठेवायचं. ग्रासमिअरहून जुन्या कॉफिन रूटने (पूर्वी शवपेट्या नेत ती वाट) रायडलला जाऊन लाफ्रिग टेरेसवरून परत यायचं, हा दमदार पण न दमवणारा दिवस. कॅटबेल्स डोंगराची उंची अवघी ४५१ मीटर म्हणून कुणी हसू नये: माथ्याच्या अलीकडे पायांनी घासून गुळगुळीत झालेले खडक आहेत, हलका टेरियर टुणकन चढतो, जड कुत्र्याला मागून आधार द्यावा लागतो, आणि ओल्या दिवशी उतरताना आपल्यालाही बसून घसरावं लागतं. शेवटच्या दिवशी टार्न हाउज तळ्याभोवतीची बांधीव वाट, सुमारे ३ किलोमीटर, की निघताना कुत्रा कोरडा आणि गाडी बऱ्यापैकी स्वच्छ.

उन्हाळ्यात वारा पडलेल्या, उबदार दिवसांत तळ्याच्या काठाला हिरव्या रंगाच्या सायीसारखा थर दिसला तर कुत्र्याला पाण्यात सोडू नका, पिऊही देऊ नका. ते निळं-हिरवं शेवाळ असतं आणि त्याचं विष कुत्र्याला थोड्या वेळात मारू शकतं. डोंगरातून वाहत येणारा ओढा त्यामानाने बरा. तरी ३० किलोच्या कुत्र्यासाठी मी लिटरभर पाणी पाठीवर घेतेच. वासरं असलेल्या गाईंचं कुरण आलं तर लांबून वळसा. गाई अंगावर आल्याच तर पट्टा सोडून द्यायचा. त्या कुत्र्याच्या मागे जातात, तो त्यांच्याहून जोरात पळतो, आणि धरून ठेवणारं माणूस मात्र तुडवलं जातं.

कुत्र्याचं जेवण सकाळी सातला, आपण निघायच्या दोन तास आधी, कारण भरल्या पोटी धावलेल्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडायचा धोका सांगितला जातो. लांबच्या दिवशी रोजच्यापेक्षा पाव भाग जास्त, पण तो संध्याकाळी. हॉटेल सकाळी प्रेमाने सॉसेज पुढे करतं, ते नाकारावं. चरबी आणि कांद्या-लसणाचा मसाला घेऊन सुट्टीच्या मधेच पोट बिघडलं तर जनावरांचा डॉक्टर दरीपलीकडच्या गावात असतो. त्या डॉक्टरचा फोन आणि रविवारी तिथे कोण असतं, हे मी हॉटेलच्या त्याच पहिल्या ईमेलमध्ये विचारून ठेवते, आणि गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर घरच्या पत्त्याबरोबर चालू मोबाइल नंबर आहे ना, ते निघायच्या आदल्या रात्री बघते.