मिस्त्रीकाकांचे एकतीस हापसे

पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, चाकदहाजवळच्या एका गावात त्या दिवशी आम्ही वाळू आणायला गेलो होतो. साठ-सत्तर फुटांखालची, वरची हवा कधी न लागलेली वाळू. तिच्यात राहणारे जिवाणू हा माझा अभ्यासाचा विषय.

बोअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडीवरचं मशीन आणि कातळाची पांढरी भुकटी येते. गंगेच्या गाळात कातळ लागतच नाही. तिथे बांबूची तरफ, लोखंडी पाइप आणि चार माणसं एवढ्यावर काम होतं. मिस्त्री वर मचाणावर बसून पाइपचं तोंड तळहाताने दाबून धरतो. पाइप वर येताना हात घट्ट ठेवायचा, खाली जाताना उचलायचा. दर ठोक्याला गढूळ पाणी उसळतं आणि त्यातली चिमूटभर वाळू बोटांत चोळून तो खालचा थर सांगतो. हा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो. अख्ख्या दिवसात मिस्त्रीकाकांचा एकही ठोका चुकला नाही.

भांडण झालं ते शेणावरून. भोक ढासळू नये म्हणून पाण्यात शेण कालवायची तिथली रीत आहे. शेण म्हणजे जिवाणू आणि त्यांचं खाद्य, दोन्ही. त्याने गावाचं पाणी बिघडतं असं मी म्हणत नाही, पण माझा नमुना नक्कीच बिघडला असता. मी नको म्हटलं आणि वीस फुटांवर भोक ढासळलं. नमुने कसे घ्यायचे याचा आमचा आराखडा ज्यांनी लिहिला, त्यांच्यापैकी एकानेही हाताने पाडलेला बोअर बघितलेला नव्हता. तोडगा काढला काकांनीच. त्यांनी बांधावरची चिकणमाती आणवली, ती कालवली आणि पुन्हा सुरुवात केली.

दुपारी राखाडी वाळू लागली. तळाशी नळी ठोकून नमुना वर काढला, दोन्ही टोकं लगेच बंद केली, नळी नायट्रोजन भरलेल्या पिशवीत आणि पिशवी बर्फात. नळीला चिकटलेला बाहेरचा थर पुढे खरवडून टाकायचा आणि फक्त गाभा वापरायचा. हे सगळं होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मग काकांनी जेवायला घरी नेलं. त्यांच्या अंगणात त्यांनी स्वतः घातलेला हापसा होता, साधारण तेवढ्याच खोलीचा. त्याचा ओटा लालभडक होता. मला तिथेच शंका आली. लाल ओटा म्हणजे पाण्यात लोह भरपूर, आणि त्या भागात अशा पाण्यात आर्सेनिक बहुतेक वेळा असतं. काळपट ओटे मँगनीजचे, ते त्या मानाने बरे.

काका म्हणाले, “दीदी, आमचंही बघा की.” किटच्या बाटलीत पावडरी टाकल्या, झाकणात कागदाची पट्टी लावली. आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन पट्टी रंगते. पट्टी आधी पिवळी झाली, मग तपकिरी. मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची. हा रंग तिच्या कितीतरी पुढचा होता.

“हे विष टाकलं कुणी?”

मी सांगितलं, कुणी नाही. हिमालयातून आलेल्या गाळातच ते आहे. वाळूच्या कणांवर लोहाचा गंजासारखा थर असतो, आर्सेनिक त्याला चिकटून बसलेलं असतं. खाली हवा नाही, पण गाळात गाडलेला पालापाचोळा आहे. आपण अन्न खातो तेव्हा श्वासाला ऑक्सिजन लागतो, तिथले काही जिवाणू त्या जागी गंज वापरतात. गंज विरघळला की आर्सेनिक पाण्यात सुटतं. काही जिवाणू तर थेट आर्सेनिकवरच श्वास घेतात आणि त्याचं जास्त विषारी, सहज वाहणारं रूप तयार करतात. गंज निघून गेला म्हणून ती वाळू राखाडी. तांबूस वाळूत थर अजून शाबूत असतो.

“मग औषध टाकून मारा त्यांना.”

सगळा गाळच त्यांचा आहे काका, कुठे कुठे टाकणार?

ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “लाल वाळूला खाली उतरायचं म्हणजे पाइप जास्त, पैसे जास्त. लोकच म्हणायचे, पाणी लागलं ना, बस. मी राखाडीतच थांबायचो.” तळ्याचं पाणी पिऊन पोरं हगवणीने जायची म्हणून हे हापसे आले होते. काकांनी गावावर उपकारच केले होते, आणि तेही मी बोलून दाखवलं. पण ते ऐकत नव्हते, बोटांवर काहीतरी मोजत होते.

नदियातल्याच वाळूवरचा प्रयोग 2004 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता, आमचा त्याच वळणाचा. एकाच नळीतली वाळू तीन बाटल्यांत भरली. जशीच्या तशी ठेवलेल्या बाटलीत आर्सेनिक हळूहळू सुटलं. अ‍ॅसिटेट, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घातलेल्या बाटलीत आधी लोह विरघळलं आणि मागून आर्सेनिक भरभर वर चढलं. ऑटोक्लेव्हमध्ये तापवून निर्जीव केलेल्या बाटलीत ते वाळूतच राहिलं. वाळू तीच, पाणी तेच. तो आलेख मी कितीदा बघितला असेन, आणि दर वेळी तो तपकिरी कागद आठवला.

निघताना काकांनी वहीचं पान हातात दिलं होतं. आठवतील तेवढ्या हापशांची यादी, कुणाच्या अंगणात, किती फूट. एकूण एकतीस. पाणी तपासून वाईट हापशांना लाल रंग मारून निघून जाणारी पथकं त्या गावात येऊन गेली आहेत. रंग पावसात धुतला गेला आणि रिपोर्ट कचेरीत राहिला. म्हणून त्या पानावर प्रत्येक घरासमोर आर्सेनिकचा आकडा मी स्वतः लिहिते आणि त्या घरातल्या बाईला वाचून दाखवते. चौदा झाले, त्यातले नऊ वाईट. सतरा बाकी आहेत, पुढच्या खेपेला किटच्या जादा बाटल्या नेणार आहे.