तुम्ही विचारलंत म्हणून: उदाच्या बाटलीत ऊद किती?

माझे कृषी केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी आहे. बियाण्याच्या पिशवीचा भाव विचारून झाला की काउंटरपलीकडून हमखास येणारा दुसरा प्रश्न माझ्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दलचा असतो. टॉम फोर्ड कंपनीचे ‘ऊद वुड’ नावाचे सेंट असे मी सांगितले की लगेच पुढचे विचारले जाते: एवढ्या महागाच्या बाटलीत खरा ऊद असतो का? बाजाराच्या गर्दीत उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

दिवसभर कीटकनाशकांच्या डब्यांत वावरणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला जो उग्र दर्प चिकटतो तो साबणाने जात नाही, एवढेच माझ्या या शौकाचे मूळ. दुबईला नोकरीस असलेल्या भाच्याने ही ५० मिलिलिटरची बाटली हातात ठेवली आणि बजावले, “मामाजी, हे लग्नकार्यातच लावजा, दुकानात नका लावू.” दोन क्विंटल कापूस विकूनही ती येत नाही हे मला नंतर कळले, आणि तोवर मी ती दुकानात लावू लागलो होतो.

मुळात ‘ऊद’ या शब्दानेच अर्धा घोळ होतो. आपल्याकडे ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा धूप. नागपूरच्या ताजबाग दर्ग्यात जो धूर नाकात जातो तो आपल्या डोक्यातला ऊद, आणि तो बहुधा लोबान, म्हणजे एका निराळ्याच झाडाचा वाळलेला चीक असतो. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, काडी. अत्तरवाल्यांच्या बोलण्यात मात्र तो अगरच्या लाकडाचा ऊद. एकाच लाकडाच्या दोन नावांवरून आपण उदबत्तीही म्हणतो आणि अगरबत्तीही म्हणतो, आणि देवापुढे रोज लावतो त्या काडीत बहुतेक वेळा त्या लाकडाचा तुकडाही नसतो. तेव्हा बाटलीवाल्याला एकट्याला खोटे ठरवण्यात अर्थ नाही.

या झाडाची हकिगत माझ्यासारख्या बुरशीनाशके विकणाऱ्याला फार विचित्र वाटते. ॲक्विलेरिया प्रजातीतली ही झाडे आसामपासून आग्नेय आशियापर्यंत वाढतात. निरोगी झाडाचे लाकूड पांढरट, हलके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. खोड पोखरणारी अळी त्यात भोके पाडते, त्या जखमेतून बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या जागी राळ भरू लागते. वर्षानुवर्षे ती साचत गेली की लाकूड काळे आणि जड होते, इतके की उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात बुडतो. आमच्या कपाशीला अळी लागली की शेतकरी हातात सुकलेले बोंड घेऊन दुकानाची पायरी चढतो. आसामातल्या होजाईकडच्या व्यापाऱ्याला मात्र अळीने न पोखरलेल्या झाडाचे काही मोल नाही. जंगलातली झाडे बेसुमार तुटली, म्हणून १९९५ मध्ये त्यातल्या मुख्य जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली आला आणि परदेशी माल पाठवायला परवाना लागू लागला.

अशी वस्तू जगभरच्या दुकानांत भरून ठेवायच्या बाटल्यांत पुरणार कशी? २००२ साली इव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशन घराण्याने ‘एम सेव्हन’ नावाचे पुरुषांचे सेंट काढले आणि उदाचा वास पाश्चात्त्य बाजारात ठळकपणे मांडला. तेव्हा त्या घराण्याची कलात्मक सूत्रे टॉम फोर्ड या डिझायनरकडेच होती. जाहिरातीतल्या पुरुषाच्या अंगावर कपडा नसल्यामुळे बोभाटा पुष्कळ झाला, खप मात्र बेताचाच राहिला. पुढे २००७ मध्ये फोर्डने स्वतःच्या नावाने ‘ऊद वुड’ आणले, ते चालले, आणि मग उदाचे एकतरी सेंट नाही अशी मोठी कंपनी शोधावी लागेल अशी स्थिती झाली. अस्सल आसामी तेलाला पहिल्या झटक्यात चक्क गोठ्याचा वास येतो. गोठ्यातच वाढलेल्या आम्हा लोकांनी त्यासाठी पैसे का मोजावेत, हा प्रश्न आहेच! ‘ऊद वुड’मध्ये तो गोठा झाडून पुसून साफ केलेला आहे, वेलदोडा, मिरी, चंदन, वाळा आणि शेवटी व्हॅनिलाचा गोडवा.

बाजारातल्या बहुतेक पुरुषी उदांचा वास प्रयोगशाळेतली रसायने आणि स्वस्त वनस्पतींची तेले जुळवून बांधलेला असतो. त्या तेलांत एक प्रमुख तेल नागरमोथ्याचे. हे मी पुढे वाचले. पण त्याआधीच ते मला वावरात कळले होते. सोयाबीनमध्ये निंदण चालू होते आणि मी दुकानातून तसाच धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. निंदणाऱ्या बायांपैकी एकीने विळा थांबवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “भाऊ, तुमच्या आंगाले त मोथ्याचा वास येऊन राह्यला.” बाकीच्या हसल्या. मला ते लागले, हे कबूल करतो. मग तिने उपटलेल्या ढिगातला एक मोथा उचलला, मुळाची काळपट गाठ नखाने सोलून माझ्यापुढे धरली. मातीचा, किंचित तिखट, लाकडाच्या भुशासारखा कोरडा वास. मी मनगट नाकाशी नेले, पुन्हा गाठ नेली. सकाळच्या वेलदोड्या-मिऱ्यांतले काही उरले नव्हते, आणि जे उरले होते ते तिच्या हातात होते.

तिचे नाक खोटे नव्हते. अत्तराला लागतो तो नागरमोथा आपल्या शेतातल्या मोथ्याचा सख्खा भाऊ आहे. मोथ्याच्या शास्त्रीय नावात ‘रोटंडस’ हा शब्द आहे आणि त्याच्या गाठीत सापडलेल्या एका द्रव्याला त्यावरूनच ‘रोटंडोन’ म्हणतात. काळ्या मिऱ्याचा खास वास याच द्रव्याचा असतो, आणि अगरच्या लाकडातही ते आढळलेले आहे. म्हणून बाटलीत खरा ऊद किती, याचे माझे उत्तर असे की असलाच तर नावापुरता. आणि मला त्याची खंत नाही. आसामातल्या पोखरलेल्या खोडाशी माझी काही ओळख नाही. मोथ्याशी आहे, त्याला उपटण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या.

आपल्या उन्हात हे चालते का, असेही विचारतात. ४५ अंशांच्या मे महिन्यात वरचे हलके वास क्षणात उडतात आणि खालचा जडपणा अंगावर बसतो, म्हणून एकच फुसकारा, तोही सदऱ्याच्या आत छातीवर. वैशाखातल्या एका लग्नात नवरदेवाने असले सेंट मानेपासून फेट्यापर्यंत मारून घेतले होते. अंतरपाट दूर होईपर्यंत भटजी शिंकत होते. पौषात हुरड्याच्या शेकोटीजवळ मात्र दोन फुसकारे खुशाल मारावेत, धुरात ते छान मिसळतात.

बाटलीत आता बोटभर उरले आहे. दिवाळीला दुसरी आणू का, असे भाच्याने फोनवर विचारले, तेव्हा किंमत ठाऊक असूनही मी नको म्हणालो नाही.