वुडलँड स्ट्रीटवरचं छप्पर

चॅटनूगा मागे पडलं आणि मोबाइलमधलं घड्याळ आपोआप एक तास मागे सरकलं. पुढे मॉन्टीगलचा चढ लागला. ऑक्टोबर संपत आला होता, दोन्ही बाजूंचे डोंगर पिवळे-तांबडे झाले होते. समोरून उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक फेल झालेच तर शिरायला म्हणून कडेला खडीचे चढते रस्ते करून ठेवले होते. दाजी गाडी चालवत होते, ताई मागे झोपली होती, आणि गाडीत अमेरिकन लोकगायिका गिलियन वेल्चची गाणी लागली होती. पुष्कळजण तिचं नाव 'जिलियन' असं वाचतात, पण खरा उच्चार 'गिलियन'.

ताईकडे अटलांटाला दिवाळी झाली. फराळाचे डबे रिकामे झाल्यावर तिने विचारलं, "आता कुठं जायचं तुला? न्यूयॉर्क? नायगारा?" मी नॅशव्हिल म्हणाले, टेनेसी राज्यातलं कंट्री संगीताचं शहर. चार तासांचा रस्ता. तिला नवल वाटलं, दाजींना नाही, कारण याची सुरुवात त्यांनीच करून दिलेली. 2004 साली सांगलीला येताना त्यांनी 'टाइम (द रेव्हलेटर)' या अल्बमची सीडी आणली होती. आमच्या घरात त्यातलं इंग्रजी कुणाला धड कळलं नाही. पण आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर भजनी मंडळात पेटी वाजवणारे. दोन गाणी ऐकून ते म्हणाले, "हा मागचा माणूस साथ करत नाही, बरोबरीनं चालतोय."

तो मागचा माणूस म्हणजे डेव्हिड रॉलिंग्ज. सीडीवर नाव एकट्या गिलियनचं, पण ते दोघांच्या जोडीचं नाव आहे असं ती स्वतःच सांगत आली आहे. दोन गळे, दोन गिटारी, बस्स. तिच्याकडे 1956 ची गिब्सन, त्याच्याकडे 1935 ची एपिफोन ऑलिम्पिक. ही ऑलिम्पिक त्या काळातली स्वस्तातली गिटार, अंगाने लहान, व्हायोलिनसारख्या खाचा असलेली, त्याला एका मित्राकडे धूळ खात पडलेली सापडली. तिचा आवाज गोड नाही, टोकदार आहे. गिलियन संथपणे एक ओळ गाते आणि तिच्या खांद्यावरून हा पातळ, टोचरा सूर काहीतरी वेगळंच बोलत जातो, तरी दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. वीस वर्षं ऐकतेय, अजून कान तिथेच अडकतो.

गिलियनबद्दल एक आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला. हे संगीत जिथलं, त्या डोंगराळ अपालाचिया भागातली ती नाही. जन्म न्यूयॉर्कचा, दत्तक गेली, वाढली लॉस एंजेलिसमध्ये, आईवडील टीव्हीच्या कार्यक्रमाला संगीत देणारे. रॉलिंग्ज ऱ्होड आयलंडचा. दोघं भेटले बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात, आणि 1992 च्या सुमारास नॅशव्हिलला आले. मग कोळशाच्या खाणींची, अनाथ पोरांची, दारूच्या भट्ट्यांची गाणी यांनी का लिहावीत, असा तो सवाल. मला तो अजिबात पटत नाही. लोकगीत रक्तातून येत असेल तसं कानातूनही येतं. जिने मन लावून ऐकलं, तिचं ते झालं.

शनिवारी सकाळी स्टुडिओ बी. तिथे थेट जाता येत नाही, कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयातून बसने नेतात. आरसीए कंपनीचा हा स्टुडिओ 1957 ला सुरू झाला, 1977 ला बंद झाला. एल्विस प्रेस्लीने इथे दोनशेच्या वर गाणी रेकॉर्ड केली, त्यामुळे आमच्या बसमधले जवळजवळ सगळे एल्विससाठी आलेले. डॉली पार्टन, रॉय ऑर्बिसन, एव्हर्ली बंधू, सगळे इथलेच.

खोली साधी. शाळेचा छोटा हॉल असतो तेवढी. फरशीवर एक फुली मारलेली आहे, तिची गोष्ट मला फार आवडली. सुरुवातीला या खोलीत काही सूर उगाच घुमायचे. 1959 मध्ये बिल पोर्टर हे इंजिनिअर आले. त्यांनी फायबरग्लासचे पत्रे आणले, त्रिकोणी कापले आणि छताला वेगवेगळ्या उंचीवर टांगले. मग खोलीभर फिरून, कुठे आवाज सर्वांत कमी घुमतो ते कानाने शोधलं आणि तिथे फुल्या मारल्या. गाणाऱ्याने फुलीवर उभं राहायचं. आमच्या गाइडने सगळ्यांना एकेक करून तिथे उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा मी हळूच एक टाळी वाजवली. आवाज लगेच विरला, पण कोरडा नव्हता. टाळी आपल्याच हातांची आहे असं ठसठशीत कळत होतं.

'टाइम (द रेव्हलेटर)' याच खोलीत झाला. स्टुडिओ बंद पडून दोन तपं होत आली होती, नॅशव्हिलचे मोठमोठे स्टुडिओ चकाचक झाले होते, आणि हे दोघं आपलं सामान घेऊन इथे येऊन बसले. अल्बममध्ये ढोल नाहीत, बास नाही. एक गाणं 14 एप्रिल या तारखेवर आहे. 1865 ला लिंकनला गोळी लागली ती याच तारखेला, 1912 ला टायटॅनिक हिमनगावर आदळली तीही याच तारखेला, आणि 1935 ला ओक्लाहोमावर धुळीचं काळं वादळ आलं तेही. या तिन्हींच्या मध्ये कुठल्याशा गावातल्या फाटक्यातुटक्या बँडचा कार्यक्रम येतो. मोठं आणि लहान एकाच सुरात, आवाज न चढवता सांगितलेलं. शेवटचं गाणं जवळपास पंधरा मिनिटांचं आहे. त्याचा आवाज आणि ही खोली मला आता वेगळी करता येत नाहीत.

गाइडना मी विचारलं, "वेल्च आणि रॉलिंग्ज कुठे बसायचे?" त्यांनी मान वर करून नीट बघितलं माझ्याकडे. सांगता येणार नाही म्हणाले, पण अल्बम माझ्या घरी आहे, असंही सांगितलं. बाकीचे एल्विसच्या पियानोजवळ फोटो काढत होते. मी तोवर फुलीपाशीच थांबले.

त्याच अल्बममधलं एक गाणं मात्र स्टुडिओतलं नाही, ते रायमन ऑडिटोरियममध्ये मे 2000 मधल्या कार्यक्रमात रेकॉर्ड झालेलं आहे. दुपारी तिकडेही गेलो. 1892 चं प्रार्थनागृह, 1943 ते 1974 ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाचं घर. अजून लाकडी बाकंच आहेत, काचांतून रंगीत ऊन पडतं. ताईला रायमनच सगळ्यात आवडलं. बाहेर ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर दर दारातून वेगळा बँड वाजत होता, तिथून आम्ही लवकर निघालो.

रविवारी सकाळी नदी ओलांडून ईस्ट नॅशव्हिलला गेलो. खरं तर मी एवढ्यासाठीच आले होते.

वुडलँड स्ट्रीटवर, फाइव्ह पॉइंट्सच्या चौकाजवळ, वुडलँड स्टुडिओ आहे. मुळात तिथे सिनेमा थिएटर होतं, साठच्या दशकात त्याचा स्टुडिओ झाला. 1971 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाहून आलेली निटी ग्रिटी डर्ट बँडची केसाळ पोरं इथे मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन अशा बुजुर्गांसोबत बसली आणि सहा दिवसांत तीन एलपींचा अल्बम तयार झाला. पुढे स्टुडिओ बंद पडायला आला तेव्हा गिलियन आणि रॉलिंग्जने तो घेतला. 2001 मध्येच त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली होती, अकोनी नावाची. अकोनी बेल हे अपालाचियातलं एक रानफूल. मग एलपीचा साचा कापायचं यंत्रही त्यांनी मिळवलं. 'द हॅरो अँड द हार्वेस्ट' हा त्यांचा अल्बम 2011 चा, पण त्याची एलपी आली 2017 ला, कारण ती स्वतः मनासारखी कापता येईपर्यंत त्यांनी काढलीच नाही. गाणं लिहिणं, टेपवर भरणं, ती टेप जपून ठेवणं, तिची तबकडी कापणं, सगळं आपल्या हातात.

3 मार्च 2020. मध्यरात्र उलटली आणि टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, नॅशव्हिलमधून गेलं. टेनेसीत त्या रात्री 25 माणसं गेली. वुडलँड स्टुडिओचं छप्पर उडालं, वीज गेली, वर पाऊस. आत त्यांच्या आयुष्यभराच्या मूळ टेप होत्या. दोघं अंधारात, पाणी गळत असताना, त्या टेप वाचवत राहिले. टेप वाचल्या.

ही बातमी मी लॉकडाऊनमध्ये वाचली तेव्हा उठून आतल्या खोलीत गेले होते. कारण आधीच्याच ऑगस्टमध्ये, 2019 च्या महापुरात, सांगलीत आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं होतं. खालच्या खणात अकरा कॅसेट होत्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, 1986 साली आप्पांनी पहाटे उठून टेप केलेल्या. पाणी ओसरल्यावर आप्पांनी एकेक कॅसेट उघडली, गाळ धुतला, फिती पंख्याखाली दोरीवर वाळत घातल्या. फीत वाळली की पेन्सिल घालून परत गुंडाळायची. त्यांची बोटं थरथरत होती, तरी मला हात लावू देत नव्हते. दहा कॅसेट मुक्या झाल्या. अकराव्यात चाळीस सेकंद जात्याची घरघर उरली आहे. आजी गायला सुरुवात करते त्याच्या अलीकडेच ती तुटते.

तेव्हा त्या दोघांनी काय वाचवलं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

वुडलँड स्ट्रीटवर आम्ही पायी चाललो. स्टुडिओच्या थोडं अलीकडे द बेसमेंट ईस्ट हे गाण्यांचं ठिकाण आहे. त्या वादळात ते कोसळलं, पण 'माझा नॅशव्हिलवर विश्वास आहे' असं रंगवलेली त्याची भिंत तेवढी उभी राहिली. तिथे लोक फोटो काढत होते. स्टुडिओपाशी कुणीच नव्हतं. बसकी, बंद इमारत. खासगी आहे, आत सोडत नाहीत. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून फक्त छप्पर बघितलं. ते नवीन आहे. दाजी म्हणाले, "एवढ्या लांबून छप्पर बघायला आलीस?" मी हो म्हणाले. त्यांना कॅसेटचं माहीत आहे, ते पुढे काही बोलले नाहीत. ताईने माझा हात धरला आणि आम्ही तिघं बराच वेळ तिथे होतो.

वादळानंतर त्या दोघांनी जे केलं ते मला थक्क करतं. टाळेबंदीत घरी बसून टेपरेकॉर्डरवर दहा जुनी गाणी गायली, त्या अल्बमला 2021 चं सर्वोत्तम लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. 2002 साली एका करारातून मोकळं होण्यासाठी घाईघाईत भरून ठेवलेली 48 गाणी होती, ती 2020 मध्ये तीन भागांत बाहेर काढली. इतकी वर्षं ती कपाटातच होती. मला वाटतं, टेप बुडता बुडता वाचल्यावर ती कपाटात ठेवून चालणार नाही असं त्यांना वाटलं असेल. आणि स्टुडिओ पुन्हा उभा करायला काही वर्षं गेली. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे केलेला नवा अल्बम आला, दहा गाण्यांचा, नाव 'वुडलँड'. वर दोघांची नावं. त्यालाही ग्रॅमी मिळालं. त्यात एक गाणं गाय क्लार्क या त्यांच्या वडीलधाऱ्या गायकावर आहे, तो 2016 ला गेला. मला हा अल्बम 'टाइम'इतका धारदार वाटत नाही. तंतुवाद्यांचा ताफा आहे, ढोल आहेत, कडा मऊ झाल्या आहेत. पण गिलियनचा आवाज खाली उतरलाय, त्यात वय आलंय, आणि रॉलिंग्ज अजून बरोबरीनेच चालतोय.

संध्याकाळी स्टेशन इन. 1974 पासूनचं ब्लूग्रासचं, म्हणजे बँजो-मँडोलिनवरच्या अमेरिकन लोकसंगीताचं ठिकाण, उंच काचेच्या इमारतींच्या मधोमध दगडी भिंतींचं बैठं घर. रविवारी रात्री तिथे जॅम असतो, तिकीट नाही, ज्याला वाजवायचंय त्याने वाद्य घेऊन यावं. पंधरा-वीस माणसं गोल करून बसली होती, आपल्या भजनात बसतात तशी. एक गातो, मग मान हलवून शेजारच्याला खूण करतो, की त्याने एक फेरी वाजवायची. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी मँडोलिन घेऊन बसली होती. खूण तिच्याकडे आली, तिने मान खाली घातली, फेरी पुढे गेली. पुढच्या गाण्यात परत आली, तेव्हा तिने वाजवलं. दोन ठिकाणी अडखळली. गिटारवाल्या आजोबांनी नुसता हात थोडा हळू केला आणि तिला सावरून घेतलं.

मी मोबाइलवर तीन मिनिटं रेकॉर्ड केली आणि आप्पांना पाठवली. रात्रीचे आठ, म्हणजे सांगलीत सोमवारची पहाट सरलेली, साडेसहा. ते उठलेले असणारच. लगेच उत्तर आलं.

"पांढरी पाच आहे का गं?"

शेजारच्या बाईंना मी विचारलं, सूर कोणता. "जी," त्या म्हणाल्या. पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी.

मी आप्पांना लिहिलं, हो, पांढरी पाच.