नांदेड ते अटारी: परेड बघाच, पण तारेपलीकडची शेतीही समजून घ्या

सचखंड एक्सप्रेसनं आम्ही घरचे सगळे परभणीहून अमृतसरला जाऊन आलो. दरबार साहिब, जालियनवाला बाग यावर भरपूर लिहिलं गेलंय म्हणून मी फक्त अटारी-वाघा बॉर्डरचं लिहितो, कारण तिथली संध्याकाळची दोन्हीकडच्या जवानांची परेड बघून, घोषणा देऊन परतणारे खूप, पण सीमेवरची ती तार ज्यांच्या रानातून गेलीय त्यांच्याकडं कुणी वळत नाही.

नांदेडच्या ओळखीच्या सरदारजींचे पाहुणे अटारीकडच्या एका गावात शेती करतात, त्यांच्याकडं गेलो. रस्त्यावरून लांबूनच तार दिसते, दोन ओळी आणि मधे काटेरी वेटोळी. पंजाबला पाकिस्तानची ५५३ किमी सीमा लागते, दहशतवादाच्या काळात १९८० च्या दशकाच्या शेवटी तार घालायला सुरुवात झाली. झिरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, दीडशे यार्डाच्या आत असं बांधकाम करायचं नाही म्हणून ती आपल्याच हद्दीत आत घातली, आणि जवळपास २१ हजार एकर रान पलीकडं राहिलं.

जमीन स्वतःची, पण जायचं गेटमधून, कार्ड दाखवून, झडती देऊन, सोबत बीएसएफचे जवान आणि संध्याकाळच्या आत बाहेर. आबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मग रात्री पाणी कसं देता?" आपल्याकडं रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला पळतो, तिथं रात्री पायच ठेवता येत नाही! ऊस, कापूस लावू देत नाहीत, उंच पिकात माणूस लपतो म्हणून, त्यामुळं गहू आणि भात. राखण नाही तर रानडुकरं नासधूस करतात, हे ऐकून आबा बराच वेळ त्यांच्याशीच बोलत बसले. एकरी वर्षाला १० हजार भरपाई ठरलेली आहे, ती रखडते म्हणाले.

माझं मत, तार पाहिजेच, तिच्यामुळं घुसखोरीला मोठा आळा बसला. पण आता हेरॉइन ड्रोननं वरून येतंय, आणि तारेची झळ मात्र त्याच गावांना बसतीय. भरपाई वेळेवर आणि वाढवून मिळालीच पाहिजे. व्यापाराचंही तसंच, २०१९ ला पुलवामा हल्ल्यानंतर आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी लावली, ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं व्यापार थांबवला, आणि पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं चेकपोस्टच बंद. अटारीचे हमाल, ट्रकवाले, ढाबेवाले सगळे त्यात भरडले.

जाणाऱ्यांसाठी: सचखंड रोज आहे, दीड दिवस लागतो, रिझर्वेशन लवकर करा. अमृतसरहून अटारी तीसेक किमी, शेअर गाडी मिळते. आधार कार्ड ओरिजिनल ठेवा, बॅग आत नेऊ देत नाहीत म्हणून हॉटेलातच ठेवा, मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, परतताना गाडीवाल्याला भेटायची जागा आधीच ठरवा. परेडची वेळ ऋतूप्रमाणं बदलते, तास-दीड तास आधी पोचा. पहलगामनंतर परेडमध्ये सीमेवरचं गेट उघडणं आणि दोन्हीकडच्या जवानांचं हस्तांदोलन बंद केलंय हे माहीत असू द्या. तारेजवळ ओळखीच्या गावकऱ्याशिवाय जाऊ नका, फोटो-व्हिडिओ तर नकोच. आणि जेवण शहरात उरकून येण्यापेक्षा अटारीच्याच ढाब्यावर करा, तिथं गिऱ्हाईक हवंय.