माणगावच्या पुतळ्यासमोर

आज श्रीवर्धनला जाताना माणगावात यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेले सैनिक. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले, वय अवघं २२.

तिथे अमेरिकन नेते बॉब डोल आठवले. तेही इटलीतच, एप्रिल १९४५ मध्ये जखमी झाले. उजवा हात कायमचा निकामी. कुणी तो हातात घेऊ नये म्हणून मुठीत सतत पेन धरायचे! पुढे कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर, पक्के परंपरावादी. तरी अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यासाठी झटले, हे मला फार मोठं वाटतं. २०१८ मध्ये जुने प्रतिस्पर्धी, माजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश गेले, तेव्हा ९५ वर्षांचे डोल शवपेटीसमोर व्हीलचेअरवरून आधाराने उठले आणि डाव्या हाताने सलाम केला.

घाडग्यांसमोर माझाही हात आपसूक कपाळाशी गेला.