तिसरा माणूस जिवंतच नाही

अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या, प्रेमत्रिकोणांचा मला बऱ्याचदा वैताग येतो. एक गोंधळलेला पोरगा, दोन पोरी (कधीकधी पाचसुद्धा), आणि मनातलं सांगायला कुणी तोंड उघडलं रे उघडलं की आतषबाजी तरी सुरू होते नाहीतर समोरून ट्रेन तरी धडधडत जाते. साप्ताहिकातली गोष्ट चालू ठेवायची तर निर्णय लांबवावाच लागतो, हे कळतं. तरी चिडचिड होतेच. मला धरून ठेवलं ते दोन जुन्या त्रिकोणांनी, आणि दोन्हींत तिसरा माणूस मेलेला आहे.

एक म्हणजे मित्सुरू आदाचींची ‘टच’. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८१ ते १९८६, अ‍ॅनिमे १९८५ ते १९८७, भाग १०१. तात्सुया आणि काझुया हे जुळे भाऊ, शेजारची मिनामी, आणि तिघांना अभ्यासाला म्हणून अंगणात बांधून दिलेली खोली. काझुया बेसबॉल संघाचा हिरो, मेहनती, सगळ्यांचा लाडका. तात्सुया आळशी, आणि भावासाठी मागे सरायची त्याला सवयच लागलेली. मिनामीला कोशिएनला, म्हणजे शाळकरी बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला, न्यायचं हे काझुयाचं वचन. प्रादेशिक अंतिम सामन्याच्या दिवशी एका लहान मुलाला वाचवताना ट्रकखाली तो जातो. मैदानावर संघ त्याची वाट बघत राहतो.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर इथे तात्सुयाची वाट मोकळी झाली असती. आदाचींनी ती इथेच बंद केली. भाऊ गेला म्हणून मिनामी मिळाली, असं तात्सुयाला कसं चालेल? तो भावाच्या जागी चेंडू टाकायला उभा राहतो, तर काझुयाचे चेंडू झेलणारा कॅचर कोतारो आधी त्याचा चेंडू घ्यायलाच नाखूश. आणि काझुया आता कधीच चुकणार नाही, म्हातारा होणार नाही, मिनामीशी भांडणार नाही. त्याच्याशी खेळायचं तरी कसं? तात्सुयाची प्रेमाची कबुली येईपर्यंत गोष्ट इतकी त्या कबुलीची झालेली असते की कोशिएनचे सामने मंगात दाखवलेलेच नाहीत. मला तरी चुकल्यासारखं वाटलं नाही.

हे सूत पुढेही सापडतं. २०११ च्या ‘अनोहाना’ या अ‍ॅनिमेत चिचिबु गावातला युकियात्सु हा हुशार मुलगा, लहानपणी गेलेल्या मेन्मा या मैत्रिणीसारखा पांढरा ड्रेस आणि केसांचा विग घालून रानात फिरतो. तो भाग मी एकटीने रात्री बघितला, नको होता बघायला.

पण माझ्या मते या प्रकारातली सर्वांत मोठी गोष्ट रुमिको ताकाहाशींची ‘मेझोन इक्कोकु’. मंगा १९८० ते १९८७, अ‍ॅनिमे १९८६ पासून, भाग ९६. टोकियोतली जुनी लाकडी भाड्याची इमारत. तिची व्यवस्थापक म्हणून क्योको येते, पिल्लाचं चित्र असलेला एप्रन घालून झाडलोट करते. पाच नंबरच्या खोलीत गोदाई, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला, खिसा रिकामा. तो प्रेमात पडतो आणि मग कळतं की ती विधवा आहे. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा सोइचिरो गेला. तिच्या कुत्र्याचं नावही सोइचिरो, त्यामुळे तिने हाक मारली की गोदाईच्या पोटात गोळा.

हे मी घरी टीव्हीवर लावलं होतं. आई मेथी निवडत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “अगं, त्या नवऱ्याचा चेहरा का दाखवत नाहीत?” दाखवतच नाहीत. फोटोतही सावली. गोदाईला ज्याच्याशी झुंजायचंय त्याला तोंडच नाही.

आईला जास्त नवल वाटलं ते सासऱ्यांचं. इमारतीचे मालक तेच, आणि मुलाला विसरून नव्याने जग असं सुनेला तेच सांगतात. क्योकोची आई पुनर्लग्नासाठी मागे लागलेली, वडिलांना मात्र ते नको. घराघरात हे असंच उलटसुलट असतं, आमच्याकडेही होतं.

जिवंत प्रतिस्पर्धीही आहे, टेनिस शिकवणारा श्रीमंत मिताका. त्याला ताकाहाशी एका कुत्रीच्या गरोदरपणावरून झालेल्या गैरसमजात, निव्वळ फार्समध्ये, दुसऱ्या मुलीशी लग्नाला उभं करतात. मेलेल्यासाठी मात्र अख्खी मालिका खर्ची पडते. क्योको होकार देताना एकच मागते: माझ्यापेक्षा एक दिवस तरी जास्त जग. आणि गोदाई सोइचिरोच्या थडग्यापाशी जाऊन त्याला सांगतो की मला तुझा हेवा वाटायचा. पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तू तिच्यात होतास, म्हणून तुझ्यासकट तिला नेतो. क्योको आडून ऐकत असते. नवऱ्याच्या वस्तू परत करायची गरज नाही असं तो म्हणतो, तरी ती त्या सासऱ्यांना नेऊन देतेच.

“सासऱ्यांना? बरं केलं,” आई म्हणाली. पण क्योकोने मिताकाशीच लग्न करायला हवं होतं, हे तिचं मत अजून कायम आहे. चांगला कमावता होता म्हणे, आणि हसला की दात कसे चमकायचे.